लघूकरण, जावास्क्रिप्ट आज्ञावलींचे

जावास्क्रिप्ट या संगणक-भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचा अर्थ व वर्तन न बदलता तिच्या मजकुराचा आकार शक्य तेवढा कमी करण्याच्या क्रियेस लघूकरण म्हणतात. व्यवहारात ही क्रिया मिनिफिकेशन व ती करणारे साधन मिनिफायर या नावाने ओळखले जाते. प्रस्तुत नोंदीत साधनास लघूकारक म्हटले आहे. बहुतेक संगणक-भाषांतील आज्ञावली वापरणाऱ्याच्या हाती पडण्यापूर्वीच यंत्रभाषेत रूपांतरित झालेली असते; तिच्या मूळ मजकुरातील मोकळ्या जागा, टिपा व लांबलचक नावे यांचा भार त्याच्यावर पडत नाही. जावास्क्रिप्टचे तसे नाही. तिची आज्ञावली मजकुराच्याच रूपात सर्व्हरवरून निघते, जाळ्यातून प्रवास करते आणि वाचकाच्या यंत्रावरील ब्राउझर ती तेथे वाचून अंमलात आणतो. त्यामुळे लेखकाने स्वतःच्या सोयीसाठी घातलेले प्रत्येक चिन्ह वाचकाला उतरवून घ्यावे लागते. मोबाइल दूरध्वनीवरून पृष्ठ पाहणाऱ्यास तर त्या चिन्हांचे मोल डेटाच्या रूपाने मोजावेही लागते.

जावास्क्रिप्टमध्ये चलांची नावे देवनागरीतही देता येतात. समजा, एखाद्या आज्ञावलीत ‘एकूणरक्कम = मुद्दल + व्याज;’ असे विधान आहे. यात देवनागरीची २० चिन्हे (काना, मात्रा, हलन्त धरून) आणि मोकळ्या जागांसह इतर ७ चिन्हे आहेत. प्रचलित यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात, इतरांस प्रत्येकी १. म्हणजे एकूण ६७ बाइट. ही तीन नावे आज्ञावलीच्या एका बंदिस्त भागापुरतीच असतील, तर लघूकारक त्यांच्याऐवजी रोमन लिपीतील एकेक अक्षर योजतो व मोकळ्या जागा काढून टाकतो. उरतात ६ बाइट. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही विधाने एकच आहेत. माणसाच्या दृष्टीने मात्र दुसऱ्या विधानात मुद्दल कोणते व व्याज कोणते, हे कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

नावांचा असा संक्षेप भारतीय परंपरेला अपरिचित नाही. पाणिनीने अष्टाध्यायीत ‘घु’, ‘टि’, ‘भ’ यांसारख्या स्वतः काहीही न सांगणाऱ्या एकाक्षरी संज्ञा योजल्या आणि त्यांमुळे सूत्रे आटोपशीर राहिली. अर्थासाठी वृत्तीचा आधार घेणे मात्र अपरिहार्य झाले. फरक असा, की पाणिनीची सूत्रे माणसांनी पाठ करण्यासाठी होती आणि लघूकृत आज्ञावली कोणी वाचावी अशी अपेक्षाच नसते. शब्दागणिक आकार असलेली तार हे याहून जवळचे उदाहरण होय. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. तोवर शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना क्रमांक दिलेले असत व तारेतून केवळ क्रमांक पाठविला जाई.

लघूकरण, संपीडन व दुर्बोधीकरण या तीन क्रियांमध्ये गल्लत होऊ नये. संपीडनात मजकुरातील पुनरावृत्ती हेरून तो वेगळ्या संकेतनात बांधला जातो आणि वापरण्यापूर्वी तो जसाच्या तसा उलगडावा लागतो. १९९२ साली प्रसृत झालेले जीझिप व २०१६ मध्ये ज्याचे विनिर्देशन प्रसिद्ध झाले ते ब्रॉटली या संपीडनाच्या रीती महाजालावर सर्रास वापरल्या जातात. लघूकृत मजकूर उलगडावा लागत नाही. तो तसाच चालतो. दुर्बोधीकरणाचा हेतू आज्ञावलीचा आशय लपविणे हा असतो व त्यासाठी प्रसंगी आकार वाढला तरी चालतो. लघूकरणाने आशय लपतो हा त्याचा अनुषंगिक परिणाम असून त्यावर सुरक्षिततेची भिस्त ठेवणे चुकीचे ठरते. लघूकरण व संपीडन परस्परपूरक आहेत. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेक्वेरी या सुपरिचित आज्ञासंग्रहाची ३.७.१ ही आवृत्ती मूळ रूपात सु. २८५ किलोबाइट भरते. लघूकरणानंतर ती सु. ८७ किलोबाइट व त्यावर जीझिप संपीडन केल्यास सु. ३० किलोबाइट होते. संपीडन होणारच असेल तर लघूकरण कशाला, हा प्रश्न वरचेवर विचारला जातो. त्याचे एक उत्तर या आकड्यांत आहे. दुसरे असे, की संपीडित फाइल उलगडल्यावर ब्राउझरला पुन्हा पूर्ण मजकूर तपासावा लागतो. लघूकृत मजकूर उलगडल्यावरही लहानच असतो.

इतिहास : ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ साली जावास्क्रिप्टची रचना केली आणि १९९७ मध्ये एक्मा या संस्थेने तिचे पहिले मानक प्रसिद्ध केले. सुरुवातीची अनेक वर्षे या भाषेतील आज्ञावली दहा-वीस ओळींच्या असत व त्यांचा आकार ही समस्याच नव्हती. चालू शतकाच्या आरंभी डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेएसमिन हे छोटे साधन तयार केले. ते टिपा व अनावश्यक मोकळ्या जागा काढी, नावांना हात लावीत नसे. त्याच्या परवान्यात ते साधन सत्कार्यासाठीच वापरावे, दुष्कृत्यासाठी नव्हे, अशी अट होती. ती लिहिताना विनोदाचा भाग असावा. पण मुक्त आज्ञावलींच्या परवान्यात वापराच्या हेतूवर बंधन चालत नसल्याने अनेक प्रकल्पांना त्या साधनापासून दूर राहावे लागले. २००७ मध्ये याहू कंपनीतील ज्यूल्यें लकोंत यांनी वायूआय कॉम्प्रेसर प्रसिद्ध केला. त्याने आज्ञावलीचे रीतसर विश्लेषण करून स्थानिक नावेही लहान केली. गूगलने २००९ मध्ये क्लोझर कंपायलर खुला केला. २०१० साली मिहाई बाझोन यांचे अग्लिफायजेएस आले व त्याची दुसरी पिढी २०१२ मध्ये. त्याच वंशातून २०१८ मध्ये टर्सर हे साधन निघाले. गो भाषेत लिहिलेले व वेगासाठी नावाजलेले ईएसबिल्ड हे साधन इव्हान वॉलेस यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले.

कार्यपद्धती : लघूकारक प्रथम मजकुराचे घटकपदांत विभाजन करतो व त्यांची व्याकरणानुसार मांडणी करून वाक्यरचनेचा वृक्ष तयार करतो. पुढची सर्व कामे या वृक्षावर होतात, मजकुरावर नव्हे. यात तो बंदिस्त भागातील चलांची नावे बदलतो, ज्या नावांचा वापर सर्वाधिक त्यांना सर्वांत लहान पर्याय देतो, ज्यांची किंमत आधीच ठरलेली आहे अशा राशींचे गणित उरकून टाकतो आणि जेथे अंमल कधीच पोहोचणार नाही असा भाग छाटतो. शेवटी वृक्षावरून पुन्हा मजकूर छापला जातो व तो छापताना नियमाने आवश्यक तेवढीच चिन्हे येतात.

हा वळसा घेण्याऐवजी ‘शोधा व बदला’ या पद्धतीने मोकळ्या जागा पुसण्याचा मोह पुष्कळांना होतो. जावास्क्रिप्टच्या व्याकरणात मात्र नव्या ओळीलाही अर्थ आहे. विधानाच्या शेवटी अर्धविराम न दिल्यास काही ठिकाणी भाषा तो आपण होऊन गृहीत धरते. त्यामुळे ओळी सरसकट जोडल्यास दोन विधाने एकमेकांत मिसळतात. याच्या उलट, फंक्शनमधून उत्तर परत करणाऱ्या ‘रिटर्न’ या शब्दानंतर ओळ मोडली, तर उत्तर पुढच्या ओळीवर असूनही परत येत नाही. टिपांच्या बाबतीतही असेच घडते. दोन तिरप्या रेघांनी टीप सुरू होते खरी. पण महाजालावरील कोणत्याही पत्त्यात त्याच दोन रेघा असतात व अवतरणचिन्हांतील पत्त्याचा उत्तरार्ध टीप समजून पुसला गेल्याची उदाहरणे घरगुती साधनांत हमखास आढळतात.

मराठी मजकुराला यात आणखी एक धोका आहे. ‘दऱ्या’ व ‘दर्या’, ‘आचाऱ्यास’ व ‘आचार्यास’ या जोड्यांतील भेद मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. संगणकात हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे लिहिलेला सापडतो : एक ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून आणि दुसरा साध्या र-च्या हलन्तापुढे शून्य रुंदीचे, डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. दुसऱ्या प्रकारच्या मजकुरातून एखाद्या साधनाने ‘अदृश्य म्हणून अनावश्यक’ अशी चिन्हे सरसकट काढली, तर दऱ्यांचा दर्या होतो व स्वयंपाक्याचा आचार्य. आज्ञावली चालू राहते, कोणतीही चूक नोंदली जात नाही, केवळ पडद्यावरचा शब्द बदललेला असतो. व्याकरणानुसार चालणारा लघूकारक अवतरणचिन्हांतील मजकुरातील असे चिन्ह गाळत नाही.

नावे बदलण्याच्या क्रियेलाही मर्यादा आहेत. बंदिस्त भागाबाहेर दिसणारे नाव दुसऱ्या फाइलीतून वापरले जात असू शकते. म्हणून साधने ते सहसा बदलत नाहीत. वस्तूंच्या गुणधर्मांची नावे काही ठिकाणी थेट व काही ठिकाणी अवतरणात लिहिलेली असतील, तर पहिली बदलून दुसरी तशीच राहतात आणि दुवा तुटतो. गूगलच्याच अँग्युलरजेएस या रचनासंचाच्या पहिल्या पिढीत फंक्शनला काय पुरवायचे हे त्याच्या प्रचलांच्या नावांवरून ओळखले जाई; लघूकरणाने ती नावे एकाक्षरी होताच आज्ञावली बंद पडे. त्यामुळे तीच नावे अवतरणात पुन्हा लिहून देण्याची रीत पाडावी लागली. नावाला केवळ खुणेचे नव्हे तर अर्थाचेही काम दिले की लघूकरणाशी संघर्ष येतो, हे या उदाहरणात स्पष्ट दिसते.

स्वयंचलित बांधणीतील स्थान : मूळ फाइलींपासून प्रकाशनयोग्य फाइली तयार करण्याच्या संपूर्ण क्रियाक्रमास बांधणी, किंवा रूढ शब्दात ‘बिल्ड’ म्हणतात. हा क्रम यंत्राकडून करवून घेण्याची कल्पना जावास्क्रिप्टहून जुनी आहे. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन रचले. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे त्याला एकदा सांगितले, की बदल झालेल्या फाइलींपुरतेच काम ते पुन्हा करी. जावास्क्रिप्टच्या जगात २०१२ मधील ग्रंट व २०१३ मधील गल्प या साधनांनी हीच भूमिका बजावली. टोबियस कोपर्स यांच्या वेबपॅकने फाइली एकत्र जोडणे हेच बांधणीचे केंद्र मानले. २०१८ मधील त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून प्रकाशनाची अवस्था निवडली की लघूकरण आपोआप होते. तेव्हापासून ते वेगळे जुळविण्याची गरज अनेक प्रकल्पांत उरली नाही, तरी आतील क्रम ठाऊक असणे आवश्यक असते; कारण बिघाड झाल्यास त्याचा माग त्या क्रमानेच काढावा लागतो.

बांधणी सुरू होते ती मूळ आज्ञावली व तिला लागणारी परकी साधने एका ठिकाणी आणण्यापासून. या साधनांच्या नेमक्या आवृत्त्या एका कुलूप-फाइलीत नोंदविलेल्या असतात. लघूकारकाची आवृत्ती बदलली तर त्याच मूळ मजकुरापासून वेगळी फाइल निघू शकते; म्हणून ही नोंद नसेल, तर काल चाललेली बांधणी आज का मोडली याचा शोध लागत नाही. त्यानंतर चाचण्या घेतात, नव्या भाषारूपातील आज्ञावली जुन्या ब्राउझरांना समजेल अशा रूपात आणतात आणि विखुरलेल्या फाइली जोडतात. लघूकरणाचे स्थान या जोडणीनंतर आहे. आधी प्रत्येक फाइल सुटी असते व तिच्यातील कोणती नावे बाहेर वापरली जातात हे लघूकारकाला दिसत नाही. जोडणीनंतर सर्व वापर दृष्टिपथात येतात, बहुतेक नावे स्थानिक होतात आणि कोणीही न वापरलेली फंक्शने गळून पडतात. जोडणी नुसती टोकाला टोक लावून केली असेल, तर पहिल्या फाइलीच्या अखेरचा अर्धविराम राहून गेल्यास व दुसरी कंसाने सुरू होत असल्यास यंत्र पहिलीतील शेवटच्या राशीलाच फंक्शन समजून चालवू पाहते. प्रत्येक फाइल एकटी बरोबर आणि जोडलेली मात्र चूक, असा हा चकवा आहे.

लघूकरणानंतर तयार मजकुराचे गणिती ठसे काढून तो फाइलीच्या नावात घालतात. मजकुरातील एक चिन्ह बदलले तरी ठसा व म्हणून नाव बदलते. त्यामुळे जुनी फाइल ब्राउझरने कितीही दिवस जपून ठेवली तरी अडचण येत नाही आणि बदल न झालेली फाइल वाचकाला पुन्हा उतरवावी लागत नाही. हा ठसा लघूकरणाआधी काढल्यास तो अंतिम मजकुराचा राहत नाही. संपीडन सर्वांत शेवटी होते, कारण संपीडित मजकूर लघूकारकाला वाचता येत नाही.

हे सर्व हाताने करणे एका वेळी शक्य आहे, दर वेळी नाही. लघूकृत फाइल हाताने बनवून मूळ फाइलीशेजारी ठेवण्याची पद्धत एके काळी सर्वत्र होती. कोणी तरी घाईने मूळ फाइलीत दुरुस्ती करतो, लघूकृत प्रत नव्याने काढावयाची राहते आणि दुरुस्त झालेला दोष वाचकांना दिसतच राहतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे लघूकृत प्रतीतच दुरुस्ती होते आणि पुढच्या लघूकरणात ती पुसली जाते. मूळ आज्ञावली एवढीच माणसाने लिहावी व तयार प्रत नेहमी यंत्रानेच निर्माण करावी, ही शिस्त स्वयंचलित बांधणीने लागू झाली. आज्ञावलींच्या संग्रहात नवा बदल दाखल होताच बांधणी आपोआप सुरू करणारी जेन्किन्ससारखी साधने २०११ पासून त्यासाठी वापरात आहेत. आज्ञावली लिहीत असतानाच्या अवस्थेत मात्र लघूकरण बंद ठेवतात. त्या वेळी आकारापेक्षा तत्परता व सुबोधता महत्त्वाची असते.

देवनागरी मजकूर : इंग्रजी पृष्ठांच्या अनुभवावर आधारलेले नियम मराठी पृष्ठांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. समजा, गोंदिया जिल्ह्यासाठी एक अर्ज तयार करावयाचा आहे व त्यात तालुका आणि गाव निवडण्याची यादी आज्ञावलीतच दिली आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक-अर्जुनी व अर्जुनी-मोरगाव हे आठ तालुके आहेत. या आठ नावांत, जोडरेघा सोडल्यास, देवनागरीची ६० चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांना १८० बाइट लागतात. काही लघूकारक मात्र तयार मजकूर केवळ मूळ रोमन चिन्हसंचातच छापतात, म्हणजे प्रत्येक देवनागरी चिन्हाऐवजी उलटी तिरपी रेघ, एक रोमन अक्षर व चार अंकी षोडशमान संकेत अशी सहा चिन्हे लिहितात. मग त्याच आठ नावांना ३६० बाइट लागतात. गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा गावाचे नाव पाच चिन्हांचे, म्हणजे १५ बाइटांचे आहे. या रीतीने ते ३० बाइटांचे होते. लघू करण्यास दिलेला मजकूर दुप्पट होऊन परत येतो.

हा साधनाचा दोष नसून सावधगिरी आहे. सर्व्हरने फाइलीचे संकेतन चुकीचे सांगितले तर यूटीएफ-८ मधील देवनागरीची जागा निरर्थक चिन्हे घेतात. रोमन संकेतांत लिहिलेला मजकूर अशाही स्थितीत शाबूत राहतो. क्लोझर कंपायलर व ईएसबिल्ड ही साधने वेगळे न सांगितल्यास ही सावधगिरी पाळतात. अग्लिफायजेएस व टर्सर मुळातील चिन्हे तशीच ठेवतात. इंग्रजी आज्ञावलीत याने काहीच फरक पडत नसल्याने मार्गदर्शक पुस्तिकांत या पर्यायाला एखादी ओळच मिळते. मराठी पृष्ठांच्या बांधणीत मात्र तयार संकेतन यूटीएफ-८ ठेवण्याची सूचना लघूकारकाला व तेच संकेतन जाहीर करण्याची सूचना सर्व्हरला, अशा दोन्ही सूचना एकदमच द्याव्यात. संपीडनानंतर ही तफावत बरीच कमी होते, कारण प्रत्येक संकेताचा आरंभ सारखाच असतो. परंतु उलगडल्यानंतर ब्राउझरला तपासावा लागणारा मजकूर दुप्पटच राहतो. यादी फार मोठी असेल, उदा., जिल्ह्यातील सर्व गावांची, तर ती आज्ञावलीत न ठेवता तालुका निवडल्यावर त्यापुरती मागवून घेणे हाच योग्य उपाय होय. लघूकरणाने शब्दांमधली जागा वाचते, शब्द नव्हेत.

लघूकरणाचे प्रत्येक मराठी वाचकाच्या नित्य वापरातले उदाहरण म्हणजे १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया. तो मीडियाविकी या प्रणालीवर चालतो. तिच्या १.१७ या २०११ मधील आवृत्तीपासून रिसोर्सलोडर हा भाग त्यात आहे. येथे बांधणी आधी करून ठेवलेली नसते. पृष्ठाची मागणी आली की लागणारे घटक एकत्र करून, लघू करून पाठविले जातात व पुढच्या मागणीसाठी साठवून ठेवले जातात. विकिपीडियाची स्थानिक आज्ञावली संपादक स्वतःच विकीच्या पानांवर लिहितात व केव्हाही बदलतात, म्हणून ही रीत तेथे सोयीची ठरली. रोमन कळफलकावरून देवनागरी उमटविणारी आज्ञावलीही याच मार्गाने वाचकापर्यंत येते. रिसोर्सलोडरमधील लघूकारक पीएचपी भाषेत लिहिलेला असून त्याने मर्यादित उद्दिष्ट स्वीकारले आहे : तो टिपा व मोकळ्या जागा काढतो, नावे बदलत नाही. त्यामुळे काही बाइट अधिक जातात, पण शेकडो स्वयंसेवकांनी आपापल्या सवयीने लिहिलेली आज्ञावली मोडण्याची शक्यता कमी राहते. शंका आल्यास पत्त्यात डीबगचा पर्याय जोडून मूळ अलघू रूप कोणालाही मागविता येते.

अर्थरक्षण व विश्वासार्हता : लघूकरणाचे सारे समर्थन ‘अर्थ बदलत नाही’ या एका दाव्यावर उभे आहे. तो दावा नेहमी खरा ठरलेला नाही. तर्कशास्त्रातील द मॉर्गन नियमांनुसार ‘हे नाही आणि तेही नाही’ याऐवजी ‘हे किंवा ते, असे नाही’ म्हणता येते. एक नकार वाचतो. (हे नियम ज्यांच्या नावाने ओळखले जातात ते ऑगस्टस द मॉर्गन १८०६ साली मदुराई येथे जन्मले होते.) नियम निर्दोष आहे, पण तो सत्य व असत्य या दोनच किमतींच्या तर्काचा आहे. जावास्क्रिप्टमधील ‘आणि’ व ‘किंवा’ या क्रिया मात्र सत्य-असत्य एवढेच उत्तर देत नाहीत, त्यांना दिलेल्या राशींपैकी एक परत करतात. अग्लिफायजेएसच्या २.४.२३ पर्यंतच्या आवृत्त्यांत हा भेद काही ठिकाणी सुटला होता व रूपांतरित राशीची किंमत मूळ राशीहून वेगळी निघे. २०१५ मध्ये यान झू या सुरक्षा-संशोधिकेने या दोषाचा उपयोग करून जेक्वेरीत असा एक निरुपद्रवी दिसणारा बदल करून दाखविला, की जो मूळ मजकुरात खरोखरच निरुपद्रवी होता आणि लघूकरण होताच चोरवाट बनत होता. मूळ मजकूर कितीही बारकाईने वाचला असता तरी ती सापडली नसती. हा दोष पुढील आवृत्तीत दूर झाला. तेव्हापासून चाचण्या केवळ मूळ आज्ञावलीच्या न घेता लघूकृत प्रतीच्याही घेण्याचा आग्रह धरला जातो, व तो योग्य आहे. वाचकाच्या यंत्रावर धावते ती हीच प्रत होय.

दुसरा धोका लघूकृत मजकूर कोणी वाचत नाही यातून उद्भवतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या बहुप्रचलित आज्ञासंग्रहावर अवलंबून असलेल्या आज्ञावलींत घातक मजकूर शिरल्याचे उघडकीस आले. त्याच्याशी नव्याने जोडलेल्या फ्लॅटमॅप-स्ट्रीम या लहान संग्रहाच्या प्रकाशित संचातील लघूकृत फाइलीत तो होता. सर्वांना दिसणाऱ्या मूळ आज्ञावलीत त्याचा मागमूस नव्हता. बिटकॉइन या आभासी चलनाच्या एका पाकिट-आज्ञावलीतून चलन लंपास करणे हा त्याचा हेतू होता. मूळ मजकूर व प्रकाशित प्रत यांचा संबंध तपासता न येणे हे यातील खरे वर्म होते. त्याच मूळ मजकुरापासून, त्याच आवृत्तीच्या साधनांनी कोणीही बांधणी केली तरी बाइटागणिक तीच फाइल निघाली पाहिजे, हा निकष त्यासाठी पुढे आला आहे. तसे झाल्यास तयार प्रत वाचण्याऐवजी पुन्हा बांधून पडताळता येते.

लघूकृत आज्ञावलीत दोष आढळला, तर ब्राउझर त्याचे स्थान पहिल्या ओळीतील चाळीस हजारावे चिन्ह अशा स्वरूपात सांगतो. ते मूळ फाइलीतील ओळ व शब्द यांत परत नेण्यासाठी बांधणीच्या वेळीच एक नकाशा-फाइल तयार करतात. तिला सोर्स मॅप म्हणतात. सध्या रूढ असलेली तिची तिसरी रचना २०११ मधील असून डिसेंबर २०२४ मध्ये एक्मा संस्थेने तिला मानकाचा दर्जा दिला. या नकाशाचा आकार लघूकृत फाइलीच्या कित्येक पट असू शकतो, पण विकासकाची साधने उघडल्याशिवाय ब्राउझर तो मागवीत नसल्याने वाचकावर भार पडत नाही. नकाशात बहुधा संपूर्ण मूळ मजकूर टिपांसह साठविलेला असतो. आज्ञावली खुली नसेल तर तो सार्वजनिक सर्व्हरवर राहून जाणे अडचणीचे ठरते. बांधणीतच तो वेगळ्या, मर्यादित प्रवेशाच्या जागी पाठविण्याची व्यवस्था करतात.

टिपा काढताना परवान्याच्या टिपांना अपवाद करावा लागतो. अनेक मुक्त परवान्यांत स्वामित्वाची सूचना प्रत्येक प्रतीसोबत ठेवण्याची अट असते. टिपेच्या आरंभी उद्गारचिन्ह घातल्यास ती जपावी, असा संकेत वायूआय कॉम्प्रेसरपासून रूढ आहे व बहुतेक लघूकारक तो पाळतात; काही साधने अशा सर्व टिपा एका स्वतंत्र फाइलीत गोळा करून तिचा निर्देश तेवढा मूळ जागी ठेवतात.

केवळ सर्व्हरवरच चालणाऱ्या जावास्क्रिप्ट आज्ञावलींना लघूकरणाचा फारसा लाभ नसतो, कारण त्यांना जाळ्यातून वाचकापर्यंत जावयाचे नसते. तेथे ते केल्यास दोषशोधन मात्र कठीण होते. ब्राउझरसाठी २०१७ पासून उपलब्ध झालेली व २०१९ मध्ये मानक ठरलेली वेबअसेंब्ली ही द्विमान रूपातील असल्याने तिच्यात टिपा व मोकळ्या जागा नसतात. तिचा आकार कमी करण्याची साधने वेगळी आहेत.